पिकअप भारी, पल्ला आखूड

विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलींची पहिली मोठी शर्यत झाली तेव्हा तिच्यात पुण्याची एक गाडी होती. तारीख १२ जून २००९. ठिकाण आयल ऑफ मॅन, इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातलं लहानसं बेट. कपिल शेळके या पुण्याच्या तरुणाच्या टॉर्क मोटर्सची गाडी तिथे उतरली आणि आपल्या गटात तिसरी आली. त्याच शर्यतीत एकूण पहिली आलेली गाडी होती अग्नी नावाच्या संघाची, आणि ही अग्नी कंपनी अरविंद राबडिया यांची, म्हणजे तिचाही धागा भारताशी जुळलेला. त्या दिवशी पेट्रोलच्या गाड्यांवर कोणी भारतीय कंपनी आयल ऑफ मॅनचं पारितोषिक घेऊन आली असती, तर आपल्याकडे आठवडाभर तेच चाललं असतं. विजेच्या गाडीचं म्हणून फारसं कोणाच्या कानावर आलं नाही.

आयल ऑफ मॅन हे नाव शर्यतीच्या दुनियेत दबकूनच घेतात. १९०७पासून तिथे टीटी ही शर्यत होते, आणि ती बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. रोजच्या वापरातले रस्ते बंद करून, घरांच्या भिंती, विजेचे खांब, दगडी कुंपणं यांच्या मधून गाड्या पळतात. एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची, वळणं दोनशेहून अधिक, आणि मध्ये एक डोंगर चढून उतरायचा. त्या रस्त्यांनी आजवर अडीचशेहून जास्त स्पर्धकांचे जीव घेतले आहेत. नव्या प्रकारच्या गाडीची परीक्षा घ्यायला याहून निर्दय जागा मिळणं कठीण.

२००९ला पहिल्या आलेल्या रॉब बार्बरची सरासरी भरली ताशी सुमारे १४१ किलोमीटर. पेट्रोलवाले हसले असतील, कारण त्यांच्या गाड्या तेव्हाच दोनशेच्या पुढे होत्या. पुढच्या दहा वर्षांत मात्र हसणं कमी होत गेलं. २०१२मध्ये मायकेल रटरने अमेरिकेच्या मोटोसिझ गाडीवर एका फेरीत ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला; त्यासाठी बेटाच्या सरकारने १० हजार पौंडांचं बक्षीस ठेवलेलं होतं. मग जपानची मुगेन कंपनी आली. ती होंडाचे संस्थापक सोइचिरो होंडा यांच्या मुलाची. बापाने १९५९मध्ये याच बेटावर आपल्या गाड्या पाठवून जपानचं नाव युरोपात नेलं होतं, मुलाने तिथेच विजेची गाडी पाठवली. २०१९मध्ये त्याच रटरने मुगेनवर फेरी मारली ती ताशी १२१.९ मैलांनी, म्हणजे सुमारे १९६ किलोमीटर. साडेअठरा मिनिटांत साठ किलोमीटर, डोंगरासकट.

या आकड्यांची पेट्रोलच्या इतिहासाशी तुलना करायचा मोह आवरत नाही. पेट्रोलच्या गाडीने त्या रस्त्यावर १०० मैलांची पहिली फेरी मारली १९५७मध्ये, बॉब मॅकिंटायरने. १२० मैलांच्या पुढची पहिली फेरी १९८९मध्ये, स्टीव्ह हिस्लॉपने. म्हणजे १००वरून १२०वर जायला पेट्रोलला ३२ वर्षं लागली. विजेच्या गाडीने तेच अंतर २०१२ ते २०१८ अशा सहा वर्षांत कापलं. तुलना पूर्ण न्यायाची नाही, हे खरं. विजेच्या गाड्यांना चांगले टायर, चांगलं सस्पेन्शन, सुधारलेला रस्ता आणि मुरलेले चालक आयतेच मिळाले; त्यांना फक्त मोटर आणि बॅटरी यांचंच कोडं सोडवायचं होतं. तरी सहा वर्षं म्हणजे सहाच वर्षं.

मात्र यातली एक गोष्ट शर्यतीच्या बातम्यांत खालच्या ओळीत जायची. पेट्रोलवाल्यांची मुख्य शर्यत सहा फेऱ्यांची, साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. विजेची शर्यत एका फेरीची. दुसरी फेरी मारायला बॅटरीत काही उरतच नव्हतं.

इथेच सगळ्या विषयाची मेख आहे, आणि ती समजून घ्यायला आमच्या कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या शेतकऱ्याला कोणा इंजिनीअरची गरज नाही. विहिरीवरची मोटर किती एचपीची आणि तिने महिन्यात किती युनिट खाल्ले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला पक्कं माहीत असतं. एचपी म्हणजे जोर. युनिट म्हणजे साठा. इटलीच्या डुकाटी कंपनीने शर्यतीसाठी बनवलेली व्ही-२१-एल ही विजेची गाडी घ्या. तिची मोटर ११० किलोवॉटची, म्हणजे साधारण १५० एचपी. आपल्याकडच्या पाच एचपीच्या तीस मोटरींइतका जोर एका गाडीत. आणि तिच्या बॅटरीत साठा किती, तर १८ युनिट. एवढ्या साठ्यावर पाच एचपीची एक मोटर साडेचार-पाच तास आले आणि मका भिजवेल. रात्रीच्या थ्री फेजची अर्धी पाळी निघेल. तोच साठा ट्रॅकवर सतत पूर्ण जोराने ओढला तर दहा मिनिटांत संपतो. चालक सारखा पूर्ण मूठ पिळत नसतो, वळणावर सोडतो, ब्रेक मारतो, म्हणून शर्यत सात-आठ फेऱ्यांपर्यंत ताणता येते.

आता पेट्रोलची बाजू. मोटोजीपी ही पेट्रोलच्या गाड्यांची सगळ्यात वरची जागतिक शर्यत; तिच्या गाडीत २२ लिटरची टाकी असायची. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे टाकीत दोनशेच्या आसपास युनिट. इंजिन त्यातले बरेचसे उष्णता आणि धूर म्हणून वाया घालवतं. चाकापर्यंत तिसरा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. तरी ते साठ-पासष्ट युनिट झाले. विजेची मोटर काटकसरी असते, दहातले नऊ हिस्से चाकाला देते. पण अठराचे नव्वद टक्के सोळाच. चौपट फरक तिथेच पडला. शिवाय २२ लिटर पेट्रोलचं वजन सोळा-सतरा किलो, आणि ते जळत जातं तशी गाडी हलकी होते. डुकाटीची बॅटरी ११० किलोची आणि ती भरलेली असो की रिकामी, शेवटच्या फेरीपर्यंत तेवढीच जड. पूर्ण गाडी २२५ किलो. मोटोजीपीच्या गाडीला किमान १५७ किलोची अट. साठ-सत्तर किलो जास्त घेऊन वळणात झोपणं आणि ब्रेक मारणं काय असतं, ते मागे पोतं टाकून घाट उतरलेल्या कोणालाही विचारा.

साठ्याखालोखाल दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. बॅटरी काही एक डबा नसते. त्या डुकाटीत बोटाएवढे १,१५२ सेल ओळीने बसवलेले आहेत. जोरात ओढलं की सेल तापतात, तापले की कमी देतात, फार तापले तर धोका. म्हणून बॅटरीसाठी वेगळं आणि मोटर-कंट्रोलरसाठी वेगळं असं पाण्याचं कूलिंग दिलेलं असतं. हे किती गंभीर आहे हे जगाने मार्च २०१९मध्ये पाहिलं. मोटोई ही विजेच्या गाड्यांची जागतिक मालिका सुरू व्हायच्या तयारीत होती. स्पेनच्या हेरेझमध्ये सराव सुरू असताना रात्री तंबूला आग लागली आणि सगळ्या गाड्या जळून खाक झाल्या. इटलीच्या एनर्जिका कंपनीने काही महिन्यांत त्या पुन्हा बांधल्या आणि जुलैमध्ये जर्मनीत पहिली शर्यत झाली. ती निकी तूलीने जिंकली. माझ्या मते त्या वर्षीचा खरा विजय ट्रॅकवरचा नव्हता, त्या कारखान्यातला होता.

मग विजेच्या गाडीत चांगलं काय? चांगलं हे, की ती जागेवरून उठते. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग कुठे त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ओढ, पूर्ण मिळते. म्हणून गिअर लागतात. विजेच्या मोटरीला शून्य फेऱ्यावरही पूर्ण ओढ असते. क्लच नाही, गिअर नाही. गावातली पोरं ज्याला पिकअप म्हणतात, तो इथे फुकट मिळतो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या व्हॅली रनमध्ये २०२४ साली बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ-९९ने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, १०.७१२ सेकंदांत पार केले, आणि कोणत्याही इंधनावर चालणाऱ्या भारतीय बनावटीच्या मोटारसायकलीसाठी तो विक्रम ठरला. दहा-अकरा सेकंदांच्या शर्यतीत साठ्याचा प्रश्नच येत नाही. केवळ सरळ रेषेतल्या वेगाचं म्हणाल तर २०२१मध्ये मॅक्स बियाजीने व्होक्सानच्या विजेच्या गाडीवर ताशी ४५५ किलोमीटर गाठले. वेगाचा वाद तिथे मिटला.

चढाचा वाद त्याच्याही आधी मिटला होता, आणि तो मला जास्त रंजक वाटतो. अमेरिकेत पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. साधारण २,८६० मीटर उंचीवर शर्यत सुरू होते आणि ४,३०० मीटरवर संपते; अंतर वीस किलोमीटर, वळणं १५६. वर हवा इतकी विरळ की पेट्रोलच्या इंजिनाला जाळायला प्राणवायू पुरत नाही आणि त्याचा जोर चढाबरोबर गळत जातो. मोटरीला हवेशी देणंघेणं नाही. २०१३मध्ये कार्लिन डनने लायटनिंग कंपनीची विजेची गाडी १० मिनिटं ०.६९४ सेकंदांत माथ्यावर नेली. त्याच्या मागे आलेली पेट्रोलची गाडी वीस सेकंदांहून जास्त मागे होती.  त्या दिवसाची सगळ्यात वेगवान मोटारसायकल विजेची होती. आपला औट्रम घाट पाइक्स पीकच्या मानाने टेकडीच, तिथे हवा विरळ होण्याचा संबंध नाही. पण चाळीसगावकडून कन्नडला भरल्या गाडीने येताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कसं रडतं ते माहीत असलेल्याला, चढावर ओढ कायम राहणं म्हणजे काय ते समजेल.

चिखलमातीतही असंच घडलं. मोटोक्रॉसची शर्यत लहान, उड्यांची, सारखी मूठ पिळणं-सोडणं चालू. स्पेनच्या स्टार्क कंपनीच्या वार्ग या गाडीने २०२४मध्ये ब्रिटनच्या बंदिस्त स्टेडियममधल्या अरेनाक्रॉस मालिकेत पेट्रोलच्या गाड्यांसोबत उतरून शर्यती जिंकल्या. त्याच्या आदल्या वर्षी होंडानेही जपानच्या राष्ट्रीय मोटोक्रॉसमध्ये आपली विजेची गाडी पेट्रोलवाल्यांच्या रांगेत उभी केली होती. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४मध्ये सुपरक्रॉसची व्यावसायिक लीग सुरू झाली, स्टेडियम भरून लोक आले. तिथल्या गाड्या पेट्रोलच्या. पण विजेची गाडी पेट्रोलच्या बरोबरीने महाराष्ट्रात कुठे उभी राहील, असं मला कोणी विचारलं तर मी गुळगुळीत ट्रॅकचं नाव घेणार नाही, मातीचंच घेईन. भारतात गुळगुळीत ट्रॅकवर प्रयत्न झालाच आहे: टीव्हीएसने अपाचे आरटीई ही विजेची गाडी बनवून २०२३मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तिची स्वतंत्र शर्यत भरवली. सगळ्यांना एकच गाडी, म्हणून कस लागला तो चालकांचा. चांगला उपक्रम; पण पेट्रोलशी सामना त्यात नाही.

सामना टाळून वेगळं ताट मांडल्याने काय होतं, ते युरोपात दिसलं. आयल ऑफ मॅनची विजेची शर्यत २०१९नंतर थांबवली ती पुन्हा भरली नाही. येणाऱ्या गाड्याच मूठभर असायच्या. मोटोईला २०२३पासून जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला, डुकाटीसारखी कंपनी आली, गाडी ताशी २७५ किलोमीटरपर्यंत गेली, आणि फेरीची वेळ पेट्रोलच्या सगळ्यात लहान मोटो-थ्री वर्गाच्या आसपास पोचली. तरी सप्टेंबर २०२५मध्ये आयोजकांनी जाहीर केलं की हंगाम संपल्यावर मालिका स्थगित होईल. कारण त्यांनी लपवलं नाही: प्रेक्षक जमले नाहीत आणि विजेच्या वेगवान गाड्यांचा बाजारही वाढला नाही.

प्रेक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. शर्यत बघायला जाणारा माणूस कानानेही बघतो. विजेच्या गाड्या समोरून जातात तेव्हा चेनची खरखर, वाऱ्याचा सपकारा आणि टायरचं घासणं एवढंच ऐकू येतं. मला स्वतःला तो आवाज आवडतो. पण मी तिकीट काढून तीनदा बघायला जाईन का, सांगता येत नाही. आणि पंधरा मिनिटांत शर्यत संपली तर डबा उघडायच्या आत घरी जायची वेळ.

बाजाराची गोष्ट जास्त खिन्न आहे. २००९च्या शर्यतीत दुसऱ्या गटात तिसरी आलेली अमेरिकेची ब्रामो कंपनी २०१५मध्ये आपला मोटारसायकलींचा धंदा विकून मोकळी झाली. चार वर्षं ओळीने बेट जिंकणारी मोटोसिझ गाडी कधी दुकानात आलीच नाही. मोटोईला पहिल्या चार हंगामांच्या गाड्या देणाऱ्या एनर्जिकाने २०२४मध्ये दिवाळं काढलं. शर्यत जिंकणारे बाजारात टिकले नाहीत, ही यादी आणखी लांबवता येईल.

म्हणून टॉर्कचा पुढचा रस्ता पाहण्यासारखा आहे. आयल ऑफ मॅननंतर कपिल शेळके यांनी आणखी काही शर्यती केल्या आणि मग गाडी रस्त्याकडे वळवली. २०१६मध्ये टी-६-एक्स दाखवली, आणि क्रॅटोस ही गाडी विक्रीला यायला २०२२चा प्रजासत्ताक दिन उजाडला. मधली वर्षं मोटर, कंट्रोलर, बॅटरी घरची बनवण्यात गेली. रतन टाटांनी त्यात पैसे घातले, पुण्याच्याच भारत फोर्जने मोठा हिस्सा घेतला. क्रॅटोसची बॅटरी ४ युनिटची आणि वेग ताशी शंभरच्या आसपास. शर्यतीतून आलेल्या माणसाने इतकी मवाळ गाडी का बनवली, असं कोणाला वाटेल. मला त्यात शहाणपण दिसतं. वेग कमी ठेवला की साठा पुरतो, हे बेटावर एक फेरी मारून आलेल्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

क्रॅटोसमधली मोटर ॲक्सियल फ्लक्स पद्धतीची आहे. साध्या मोटरीत फिरणारा दंडगोल असतो आणि चुंबकाचं बळ त्याच्या कडेने आत-बाहेर जातं. या पद्धतीत चपटी चकती असते आणि बळ आसाच्या दिशेने वाहतं. चकतीचा घेर मोठा ठेवता येतो, म्हणून कमी वजनात जास्त ओढ मिळते आणि मोटर फ्रेममध्ये आडवी बसते. गंमत अशी, की २००९मध्ये पहिली आलेल्या अग्नीच्या गाडीतही चपट्या चकतीचीच मोटर होती. तिचा जनक सेड्रिक लिंच हा अनवाणी फिरणारा इंग्रज. त्याने आपली पहिली मोटर ७०च्या दशकाच्या शेवटी डब्यांचे पत्रे ठोकून सपाट करून बनवली होती. खिशात पैसे नव्हते म्हणून पत्रा वापरला, आणि त्या जुगाडाची नातवंडं पुढे बेट जिंकून आली.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याकडे येऊ, कारण इथे ही कथा ट्रॅकवर नाही, शेडमध्ये चालते. वाळूजमध्ये बजाज १९८५पासून आहे आणि कन्नड तालुक्यातली कित्येक घरं एमआयडीसीच्या पगारावर उभी राहिली. दुचाकीचे शॉकअप आणि ब्रेक बनवणारी एंड्युरन्स वाळूजची. वॅरॉकही वाळूजची, ती आज विजेच्या दुचाकींच्या मोटरी आणि कंट्रोलर बनवते. बिडकीनला ऑरिक या औद्योगिक वसाहतीत एथर कंपनीने स्कूटरचा कारखाना काढायचं २०२४मध्ये जाहीर केलं. पिशोरहून संभाजीनगरला जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर होतात, आणि इथे विजेची गाडी घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो पल्ल्याचा. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज विचारायची सवय गेलेली नाही, फक्त लिटरच्या जागी चार्जिंग आलं आहे.

एंड्युरन्सने २०२२मध्ये मॅक्सवेल एनर्जी ही कंपनी ताब्यात घेतली. ती बनवते बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणारं यंत्र. प्रत्येक सेलचं व्होल्टेज किती, तो किती तापला, किती उरलंय, हे ते सतत मोजत असतं आणि एखादा सेल आडवा पडायच्या बेतात आला की चालकाला न विचारता जोर कमी करतं. आयल ऑफ मॅनवर चालक डोंगर चढताना आधीच हिशोब करत असत: इथे किती युनिट खर्च करायचे आणि उतारानंतरच्या सरळ रस्त्याला किती राखायचे. हिशोब चुकला तर गाडी शेवटचे किलोमीटर रखडत यायची. स्कूटरची बॅटरी खाली उतरली की ती आपोआप मंद होते आणि मूठ कितीही पिळली तरी ऐकत नाही. गिऱ्हाईक मेकॅनिककडे तक्रार घेऊन येतं की गाडी बिघडली. बिघडलेली नसते, बीएमएस तोच डोंगरावरचा हिशोब करत असतं.